दोन दारांचं कपाट

चंदर ओव्हाळचं म्हणणं असं, की माणसाची जमेची बाजू त्याच्या बॅगेत असते आणि खर्चाची केराच्या टोपलीत. दोन्हीकडे नजर टाकली की शिल्लक आपोआप कळते. माथेरानच्या हॉटेलात खोल्या झाडण्यापासून मॅनेजरच्या खुर्चीपर्यंत त्याची हयात गेली आणि त्या हयातीत त्याने एकाही पाहुण्यावर काही मागायची वेळ येऊ दिली नाही. मागायच्या आत द्यायचं तर काय हवंय ते आधी कळायला हवं, आणि कळायचं तर बघायला हवं. याला चंदर पाहुणचार म्हणे. त्याची बायको पारूबाई याला दुसरा शब्द वापरी, पण तो चारचौघांत सांगण्यासारखा नव्हता.

नोकरी संपल्यावर त्याने पळसदरीला धरणाच्या वाटेवर तीन खोल्या बांधल्या. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसं येत, भाकऱ्या खात, धरणावर फोटो काढत आणि परत गेल्यावर फोनवर लिहीत, 'मालक फार प्रेमळ. न सांगता सगळं कळतं.' चंदर हे येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवी.

"नीट वाचा," पारूबाई म्हणे. "दुसरं वाक्य तक्रारीचं हाय."

या कलेचा कळस म्हणजे दोन नंबरच्या खोलीतलं कपाट. स्वयंपाकघर आणि खोली यांच्यामधल्या भिंतीतच ते बसवलेलं, आणि त्याला दोन्हीकडून दारं. चहा, न्याहारी स्वयंपाकघराकडून आत ठेवायची, पाहुण्याने आपल्या बाजूने काढून घ्यायची; दार वाजवून कुणाची झोप मोडायला नको. पाहुण्याला स्वतःच्या चीजवस्तूंसाठी कपाट हवं असेल तर त्याचीही सोय होती. चंदर आपल्या बाजूचं दार उघडून उभा राही. पलीकडे पाहुण्याने दार उघडलं की नारळाच्या वड्यांची बशी आणि तिच्यात ठेवलेली किल्ली पुढे सरकवी. "घ्या, कपाट आता तुमचं. माझ्या बाजूला कुलूप, किल्ली तुमच्या हातात." मग दार लावून दाबकुलूप दाबलं, की त्याला स्वतःलाही ते उघडता येत नसे.

आधी किल्ली, मग कडी. पाहुण्याचा हात रिकामा ठेवू नये, हा माथेरानचा रिवाज. त्या रिवाजात एक बारीक नफा होता, तो चंदरने कुणाला सांगितला नव्हता. किल्ली मिळाल्याबरोबर माणूस आपली सगळ्यात जपायची वस्तू आधी आत ठेवतो, आणि चंदरचं दार तोवर पुरतं लागलेलं नसतं. एका म्हाताऱ्याने अशी दातांची कवळी ठेवली होती. त्याला जेवायला मऊ भात आला. यांना कसं कळलं, याचा तो मुक्काम संपेपर्यंत विचार करत होता.

अशा माणसाच्या पोटी जागृती जन्मली, आणि तिने नोकरी धरली ती नेमकी अशा माणसांचा बंदोबस्त करायची.

खालापुरात जुन्या हायवेच्या आतल्या अंगाला एका कंपनीने मशीनांचा मोठा हॉल थाटला होता. ती मशीनं भाड्याने जात. जागृती तिथे इंजिनियर. एकदा जेवताना चंदरने खोदून खोदून विचारलं तेव्हा तिने सांगितलं.

"बाबा, भाडेकरू आपली माहिती मशीनमध्ये ठेवतो. मशीन दुसऱ्याचं. तर त्या मालकाला भाडेकरूचं काही म्हणजे काही दिसायला नको, असं कुलूप आम्ही लिहितो."

"मालकालाच दिसाया नको?"

"मालकालाच."

"मालकाचं मशीन, मालकाची लाईट, आन मालकालाच नाय दिसायचं?"

"हो."

चंदरचा घास हातात राहिला. "मालकानं काय पाप केलं गं?"

"बघायची सवय," पारूबाई म्हणाली आणि त्याच्या ताटात आमटी वाढली.

अवघड काम मशीनचं नव्हतंच, असं जागृती पुढे म्हणाली. मशीनच्या मेमरीला कुलूप घालणं आता सगळ्यांना जमतं. पण मोठी आकडेमोड, फोटो ओळखायचं काम, मशीनला जोडलेलं एक वेगळं कार्ड करतं, आणि त्या कार्डाला स्वतःची मेमरी असते. भाडेकरूने फोटो दिला की तो तिथे जातो. घराला सात कुलपं आणि फोटो पडलाय ओट्यावर, असा प्रकार. म्हणून ती कार्डाची मेमरीही मालकाच्या हातून काढून भाडेकरूच्या ताब्यात द्यायची. त्याआधी कार्डाची ओळख पटवायची, ते अस्सल आहे ना म्हणून.

"ते बरंय," चंदर म्हणाला. "आमीबी आधार कार्ड बघितल्याबगर खोली देत नाय."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण दिवाळीनंतर कंपनीने कळवलं, की खालापूरच्या या छोट्या टीमला गिऱ्हाईक मिळालं तर ठीक, नाहीतर सगळ्यांनी बंगळूरला यायचं. गिऱ्हाईक एकच दिसत होतं. डॉक्टर हर्षला दिघे, पनवेलपासून पेणपर्यंत त्यांचे डोळ्यांचे दवाखाने. हजारो रुग्णांच्या डोळ्यांचे फोटो त्यांना मशीनकडून तपासून हवे होते, पण त्यातला एकही फोटो परक्याला दिसलेला त्यांना चालणार नव्हता. चंदरने त्या आठवड्यात जागृतीच्या खोलीचा पंखा दुरुस्त केला, थंडीत.

डॉक्टरबाईंची अट अशी, की परीक्षा त्या स्वतः घेणार, आणि तुमच्या ऑफिसात नाही. सुटीच्या दिवशी काम करायचं तर निदान धरणाकाठी. पळसदरीला कुणाच्या तरी खोल्या आहेत म्हणे.

"आमच्याच आहेत," जागृती बोलून गेली, आणि फोन ठेवल्यावर डोक्याला हात लावून बसली.

जानेवारीतल्या शनिवारी सकाळी सगळे जमले. तीन नंबरच्या खोलीत अकरम मुकादम लॅपटॉप उघडून बसला. खालापूरचाच, जागृतीचा जोडीदार. आज त्याचं काम चोराचं. मशीनच्या मालकाला जे जे अधिकार असतात ते सगळे त्याला दिले होते, आणि ते वापरून त्याने डॉक्टरबाईंचे फोटो बघायचा प्रयत्न करायचा.

"म्हंजे आज तू मालक," चंदर त्याला चहा देत म्हणाला.

"आजच्यापुरता, काका. तुमच्यासारखा जन्माचा नाही."

दोन नंबरमध्ये डॉक्टरबाई आणि जागृती. डॉक्टरबाई उंच, कमी बोलणाऱ्या. चंदरने बॅगेवरून हिशोब मांडला, पण बॅग एकच आणि तीही बंद, त्यामुळे खातं कोरं राहिलं. कुणाला माहीत नाहीत असे काही फोटो त्यांनी घरून आणले होते. पहिल्या फोटोची छापील प्रत पाकिटात होती. संध्याकाळी अकरमला काय दिसलं ते त्या प्रतीशी ताडून पाहायचं.

"हे कुठे ठेवू?" त्यांनी विचारलं.

"कपाट आहे ना," जागृती म्हणाली. "किल्ली तुमच्याकडे राहील." मग ती स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "बाबा, आज काही बघायचं नाही."

"मी कशाला बघतो?"

खरंच त्याच्या मनात नव्हतं. पण रिवाज तो रिवाज. वड्यांची बशी सरकली, किल्ली सरकली, "घ्या, कपाट आता तुमचं" झालं, आणि दार लावता लावता चंदरची नजर आत गेली. डॉक्टरबाईंनी खात्री करायला पाकिटातून फोटो अर्धा बाहेर काढला होता. डोळे तपासायच्या खुर्चीत एक जाडजूड मांजर बसलं होतं, नाकावर चष्मा. खाली निळ्या शाईत लिहिलं होतं, वाघ्या. मग दार लागलं, कुलूप टक् करून बसलं.

डॉक्टरबाईंनी फोटो लॅपटॉपवरून खालापूरच्या मशीनमध्ये घातले. तासभर अकरमच्या खोलीतून फक्त बोटांचा आवाज येत होता. मधेच तो ओसरीवर आला आणि जागृतीकडे बघून त्याने मान हलवली. काही दिसत नाही. जागृतीने श्वास सोडला, पण पुरता नाही. महिन्यापूर्वी दोनदा, अगदी सुरुवातीला, अकरमला काहीतरी दिसल्यासारखं झालं होतं. ठिपक्यांची एक पट्टी. पुन्हा कधी दिसली नाही, म्हणून मागचा काही कचरा असेल असं समजून दोघांनी सोडून दिलं होतं. ते तिच्या मनातून गेलं नव्हतं.

दुपारी पारूबाईने तांदळाच्या भाकऱ्या आणि गावठी कोंबडीचा रस्सा वाढला. डॉक्टरबाई मोकळ्या झाल्या. चंदर पाण्याचा तांब्या घेऊन फिरत होता आणि आत पाहुणचार उसळत होता. बाई एकटी, दोन दिवस घराबाहेर, आणि सगळ्यात जपून ठेवलेली वस्तू मांजराचा फोटो. म्हणजे काळजी कसली असणार, हे कुणीही सांगेल.

"मॅडम, काही लागलं तर बोला," तो आपल्या हॉटेलातल्या मराठीत म्हणाला. "आणि वाघ्याची काळजी करू नका. मांजर दोन दिवस एकटं नीट राहतं."

डॉक्टरबाईंचा भाकरीचा तुकडा रश्शात बुडाला तो तिथेच राहिला.

"हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं?"

अकरमने दोन्ही हात वर केले, एकाला रस्सा लागलेला. "मी नाही. मला काही दिसलेलंच नाही."

"मग यांना कसं कळलं? पहिला फोटो वाघ्याचा होता, त्याच नावाने मशीनमध्ये घातलेला, आणि तो फक्त मशीनला माहीत आहे." डॉक्टरबाई जागृतीकडे वळल्या. आवाज चढला नाही, उलट उतरला. "हे माझ्या पेशंटच्या बाबतीत झालं असतं तर?"

जागृतीचा चेहरा पांढरा पडला. चंदरने पारूबाईकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की इतक्या वर्षांच्या संसारात इतका मोठा हिशोब तिने कधी एका नजरेत मांडला नव्हता. त्याच्या डोळ्यांपुढे बंगळूर आलं, आणि बंद खोलीत गरगरणारा दुरुस्त पंखा.

"मशीन नाय, मॅडम," त्याची हॉटेलातली मराठी गळून पडली. "मी बघितलं. कपाटाच्या फटीतनं. दार लावताना."

मग डॉक्टरबाईंनी विचारलं, "एवढ्या फटीतून? आणि खालचं नावसुद्धा वाचलंत?"

"हो."

"चष्म्याशिवाय?"

"हो, मॅडम."

"दवाखान्यात या एकदा. या वयात असे डोळे मला बघायचेत."

अकरम आधी हसला, मग पारूबाई, मग खुद्द डॉक्टरबाई. चंदरला वाटलं, सुटलो. मशीन निर्दोष, पोरगी इथेच, आपली लाज गेली तर गेली. ती तशीही पारूबाईकडे गहाणच होती.

पण जागृती हसत नव्हती. "बाबा, तुम्ही बघितलंत कधी? किल्ली द्यायच्या आधी का नंतर?"

"नंतर. आधी किल्ली, मग कडी. नेमीचंच."

"म्हणजे यांना वाटलं कपाट आपलं झालं, म्हणून फोटो काढला. आणि तुमचं दार अजून उघडं."

"पापणी लवायच्या आत लावतो की गं."

जागृती हात न धुताच उठली. "अकरम, सुरुवातीचा भाग तू नीट बघितलास? अगदी पहिला?"

"पहिला... मी माझं सगळं जोडून होईपर्यंत जरा वेळ गेला. पण रेकॉर्ड चालू होतं."

दोघे तीन नंबरमध्ये गेले. चंदर दारात उभा राहिला. त्यांच्या बोलण्यातलं निम्मं कळलं नाही, पण निम्मं त्याच्या ओळखीचं होतं. कार्डाची मेमरी भाडेकरूला देताना त्यांचा प्रोग्रॅम आधी भाडेकरूला सांगायचा, घे, आता ही तुझी. आणि मालकाची वाट त्यानंतर बंद करायचा. भाडेकरूला थांबायला लागू नये म्हणून. मधली फट डोळ्याला दिसणार नाही इतकी बारीक. पण डॉक्टरबाई चपळ हाताच्या. त्यांचा पहिला फोटो त्या फटीतच आला होता. पडद्यावर ठिपक्यांची पट्टी उमटली. जागृतीने ती मोठी केली. एक कान, आणि चष्म्याची दांडी.

हे कुणालाच माहीत नव्हतं. सगळा दोष त्याच्या नावावर चढला होता, खातं बंद झालं होतं. आता गप्प बसलं की झालं. सोमवारी गुपचूप दुरुस्त करता आलं असतं. "जागे," तो कुजबुजला, "आत्ता कशाला?"

तिने ऐकलं. पण लॅपटॉप उचलला आणि जेवणाच्या टेबलावर डॉक्टरबाईंसमोर ठेवला.

"मॅडम, बाबांनी बघितलं ते खरं. पण मशीनमधूनही गळलंय. हा वाघ्याचा कान."

डॉक्टरबाईंनी कान बराच वेळ पाहिला. "हा मला दाखवला नसता तर मला कळलं नसतं."

"नसतंच कळलं."

"दोष दुरुस्त होतो?"

"आजच्या परीक्षेच्या मशीनपुरता संध्याकाळपर्यंत. क्रम उलटा करायचा. आधी मालकाची वाट बंद, ती बंद झाल्याची खात्री, मगच भाडेकरूला निरोप. हॉलमधल्या सगळ्या मशीनवर नीट तपासून चढवायला महिना जाईल."

डॉक्टरबाईंनी भाकरीचा उरलेला तुकडा तोंडात टाकला. "संध्याकाळपर्यंत मी आहेच. काका, सकाळी तुम्ही पोपटी लावणार म्हणाला होतात ना?"

चंदर मागल्या अंगणात पळाला. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मिठाचे खडे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वरून पुन्हा पाला. तोंड गच्च बंद करून मडकं उलटं जमिनीवर आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ. पोपटी ही जगातली एकच गोष्ट, जिच्यात चंदर मधेच डोकावत नसे. डोकावलं की वाफ गेली. आज जाळासमोर बसून त्याच्या मनात आलं, आपल्याला हे जमतं तर. मग इतर ठिकाणी का जमत नाही?

"इथं भाजतं म्हणून," पारूबाई शेजारी बसत म्हणाली. त्याने तोंडाने काही विचारलं नव्हतं.

ऊन उतरताना जागृतीने बाहेर येऊन सांगितलं, झालं. पुन्हा परीक्षा. डॉक्टरबाईंनी नवा फोटो निवडला, त्याची प्रत पाकिटात घातली. "आणि हे कपाटात ठेवायचंय," त्या किल्ली चंदरला परत देत म्हणाल्या. "पण नव्या क्रमाने."

चंदरने स्वयंपाकघराकडचं दार एकदा उघडून पुन्हा लावलं. कुलूप दाबलं. ओढून पाहिलं. मग किल्ली घेऊन स्वयंपाकघरातून मागल्या अंगणात, तिथून घराला वळसा घालून ओसरीवर आला आणि दोन नंबरच्या दाराशी उभा राहिला. डॉक्टरबाई पाकीट बाजूला ठेवून रिकाम्या हाताने वाट बघत होत्या. पाहुणा रिकाम्या हाताने उभा, हे त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. पाहुण्याला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही, हेही पहिल्यांदाच.

"घ्या, मॅडम. आता तुमचं."

तो परत स्वयंपाकघरात आला. पलीकडे दार उघडल्याचा आवाज झाला, काहीतरी ठेवल्याचा, दार लागल्याचा. चंदर बंद फळीसमोर उभा राहिला.

"काय ठेवलं असंल गं?"

"शेंगा झाल्या का बघा जा," पारूबाई म्हणाली.

त्याने मडक्यावर पाणी शिंपडलं. थेंब चर्र करून उडाले. पोपटी झाली. मडकं कागदावर उपडं केलं तेव्हा वाफेबरोबर पाल्याचा वास अंगणभर पसरला, आणि त्याच वासात अकरम लॅपटॉप बगलेत मारून आला.

"काही नाही," तो म्हणाला. "पहिल्या ठिपक्यापासून काही नाही. या वेळी आधीच दबा धरून बसलो होतो, तरी नाही. असा बेकार चोर मी कधी नव्हतो."

डॉक्टरबाई वाल सोलत होत्या. एक शेंग संपली, दुसरी घेतली. जागृती त्यांच्या बोटांकडे बघत उभी. चंदरला शेंगांचा राग यायला लागला.

"काका," त्यांनी विचारलं, "मी काय ठेवलंय कपाटात?"

"नाय माहीत, मॅडम."

"शपथेवर?"

"यांचा चेहराच बघा," पारूबाई म्हणाली. "माहीत असतं तर असा उपाशी दिसला नसता."

डॉक्टरबाई हसल्या आणि जागृतीकडे वळल्या. "महिन्याने तुमच्या हॉलमध्ये येते. मशीनं सगळी दुरुस्त असली तर आमचे फोटो तुमच्याकडे. एक मात्र अट. हे काम खालापुरातूनच व्हायला हवं. ज्या मुलीने मला तो कान दाखवला, ती मला तासाभराच्या अंतरावर हवी; बंगळूरचं अकरमने सांगितलंय, तिकडे नको."

जागृतीने कागदावरचं गरम अंडं उचललं, हात पोळला, ते अकरमकडे फेकलं, त्याने झेललं आणि तोही ओरडला. चंदर पाला गोळा करायच्या निमित्ताने पाठ फिरवून बसला. धूर फार होता, असं त्याने नंतर सांगितलं. पोपटी काढून झाल्यावर धूर उरत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

रविवारी सकाळी डॉक्टरबाई निघाल्या. जाताना त्यांनी किल्ली चंदरच्या तळहातावर ठेवली. "माझ्या बाजूचं दार लावलंय. माझं सामान काढून घेतलंय. थोडं काही राहिलं असेल तर ते तुमचं."

गाडी वळणाआड गेली. चंदर किल्ली घेऊन स्वयंपाकघरात आला. पारूबाई तिथे नव्हती, हे बरंच झालं. पाहुण्याचं राहिलेलं सामान बघणं हे मालकाचं कर्तव्य. यात कुठला रिवाज मोडत नव्हता. तरी त्याने इकडेतिकडे पाहिलं, कुलूप काढलं आणि दार ओढलं.

आतून चष्मा लावलेलं मांजर त्याच्याकडे रोखून बघत होतं. फोटो उभा करून, तोंड बरोबर स्वयंपाकघराकडे करून ठेवला होता. बाईंनी हिशोब चोख केला होता.

आणि मांजराच्या डोक्यावरून, पलीकडच्या उघड्या दारातून, पारूबाईचा चेहरा वाकून आत बघत होता.



"मी झाडायला आले होते," पारूबाई म्हणाली.

"झाडू कुठाय?" चंदर म्हणाला.